फुप्फुसाच्या कर्करोगातील एलडीएच चाचणी: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ.

महोदय, सविनय नमस्कार.

इंदूरच्या प्रयोगशाळांत जीवरसायनशास्त्राचे काम करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी होणाऱ्या लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, म्हणजेच एलडीएच, या साध्या आणि स्वस्त चाचणीकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कर्करोगाच्या पेशी प्राणवायू मिळत असतानाही ग्लुकोजपासून लॅक्टेट बनवत राहतात, हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले. या प्रक्रियेतील अखेरचे एन्झाइम म्हणजे एलडीएच. गाठ वाढून तिच्यातील पेशी मरू लागल्या की ते रक्तात उतरते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या स्मॉल सेल या झपाट्याने पसरणाऱ्या प्रकारात त्याची वाढलेली पातळी आजार पसरल्याचे आणि पुढची वाटचाल कठीण असल्याचे लक्षण मानली जाते; इतर प्रकारांतही इम्युनोथेरपीपूर्वी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणाऱ्या उपचारापूर्वी, रक्तातील पांढऱ्या पेशींच्या प्रमाणासोबत ती विचारात घेतली जाते. पेट स्कॅनही पेशींच्या याच ग्लुकोजच्या भुकेवर आधारलेला आहे, पण ते यंत्र झाबुआ किंवा बडवानीच्या रुग्णाच्या दारी पोहोचणारे नाही. एलडीएच मात्र पोहोचू शकते.

खरी अडचण नमुन्याची आहे. तांबड्या पेशींत हे एन्झाइम सीरमच्या, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाच्या, शंभरपटींहून अधिक असते. घाईने ओढलेले किंवा सीरम वेगळे न करता दूरवर पाठवलेले रक्त असेल तर त्यातील तांबड्या पेशी फुटतात, नळीतले सीरम गुलाबी दिसू लागते आणि अहवालातला आकडा खोटाच चढतो. उलट, सवयीने बर्फाच्या पेटीत ठेवलेल्या नमुन्यात, गाठींच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला एलडीएचचा पाचवा प्रकार थंडीने क्षीण होतो आणि आकडा खोटाच उतरतो. अशा आकड्यावरून रुग्णाच्या मुलांशी पुढच्या महिन्यांविषयी बोलणे मला अन्यायाचे वाटते.

यकृताचे विकार, हृदयविकाराचा झटका, रक्तपेशी फुटणारा पांडुरोग यांतही एलडीएच वाढते, त्यामुळे त्यावरून कर्करोगाचे निदान करता येत नाही, आणि एकट्या आकड्यावर उपचार थांबवणे तर सर्वथा अयोग्य ठरेल. एन्झाइमांच्या महागड्या चाचण्यांचा नवा संच सुरू करावा, अशीही माझी मागणी नाही.

आपण एवढाच लेखी आदेश काढावा: सीरम जिल्हा रुग्णालयातच सेंट्रिफ्यूजवर (नळ्या वेगाने फिरवणाऱ्या यंत्रावर) वेगळे करून खोलीच्या तापमानाला पाठवावे, नमुन्यातील तांबड्या पेशी फुटलेल्या असल्यास अहवालावर तसे स्पष्ट नोंदवून रक्त पुन्हा घ्यावे, आणि उपचारापूर्वीचा आकडा, त्या प्रयोगशाळेच्या कमाल मर्यादेसह, आजाराच्या टप्प्याशेजारी केसपेपरवर लिहावा. रुग्णाचे पुढे काय झाले याची नोंदही त्याच कागदाला जोडली गेली, तर माळव्यातील आणि निमाडातील रुग्णांविषयी आपल्याच राज्याच्या आकड्यांवरून बोलता येईल.

तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणासाठी मी विनामोबदला यायला तयार आहे. पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त जीवरसायनतज्ज्ञ, इंदूर