रब्बी काय म्हणाले

दिमोना, इस्रायल, 26 ऑक्टोबर 2025

प्रिय आई-बाबा,

शालोम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "गाझाचं युद्ध, ओलिसांची सुटका, या सगळ्यावर तुमचे धर्मगुरू, रब्बी, काय म्हणतात?" तेव्हा मुलांचा गोंधळ चालला होता, विषय तिथेच राहिला. आज निवांत लिहिते.

रब्बी म्हटलं की तुमच्या मनात अढी असते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. ठाण्याचं आपलं सिनेगॉग प्रार्थना म्हणणाऱ्या हजानांनीच सांभाळलं. त्यात 1962 सालचं ते इथल्या मुख्य रब्बींचं फर्मान: आपल्या बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, लग्न लावायचं तर आधी आई, आजी, पणजी असं मागे जात कूळ तपासा. कोकणात शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवून शब्बाथ पाळणाऱ्या शनवार तेल्यांना हे ऐकावं लागलं. 1964 च्या उन्हाळ्यात मोठे काका जेरुसलेमला धरण्यावर बसले, तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, आपण सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. तुमचा राग मला कळतो. तरीही आमच्या रब्बींचं म्हणणं तुम्ही ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

13 तारखेला शेवटचे 20 जिवंत ओलीस गाझातून परतले. त्याच संध्याकाळी सिम्हाथ तोरा, आपल्या धर्मग्रंथाचं, तोराचं, वर्षभराचं वाचन पूर्ण झाल्याचा सण, लागत होता. दोन वर्षांपूर्वी याच सणाच्या सकाळी हमासने साधारण बाराशे माणसं मारली होती आणि 251 जणांना ओढून नेलं होतं. सिनेगॉगमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तोरा घेऊन नाचायला सगळे उतावीळ झाले होते, पण रब्बींनी आधी बसायला सांगितलं.

ते म्हणाले, बंदिवानाला सोडवणं हे भुकेल्याला जेवू घालण्याहूनही वरचं, असं मध्ययुगातल्या रांबाम या धर्मपंडिताने लिहिलंय. पण मिश्ना हा धर्मनियमांचा जुना ग्रंथच सांगतो, बंदिवानासाठी वाजवीपेक्षा जास्त मोल देऊ नका, नाहीतर पळवून नेणाऱ्यांना चटक लागेल. मग त्यांनी रोथेनबर्गच्या रब्बी मेइरची हकिकत सांगितली. 1286 मध्ये जर्मनीच्या राजाने त्यांना कैद केलं. लोक खंडणी भरायला तयार होते. उद्या प्रत्येक रब्बीला असंच धरतील म्हणून त्यांनीच ती भरू दिली नाही, असं परंपरा सांगते. 1293 मध्ये ते कैदेतच वारले. त्यांचा देहसुद्धा चौदा वर्षांनी पैसे मोजल्यावर मिळाला. पैसे भरणाऱ्या गृहस्थाने त्या बदल्यात एवढंच मागितलं की मला त्यांच्या शेजारी पुरा. वर्म्सच्या कब्रस्तानात ती दोन थडगी आजही शेजारी शेजारी आहेत.

या वेळी सुमारे दोन हजार पॅलेस्टिनी कैदी सोडले. त्यात खुनाची शिक्षा झालेलेही होते. दोन वर्षं घराघरात याच दोन नियमांचं भांडण चाललं होतं. रब्बींनी कोणाला चूक ठरवलं नाही. म्हणाले, ज्यांचं माणूस परत आलं त्यांच्याबरोबर नाचा, आणि ज्यांच्या माणसाचा मारेकरी आज सुटला त्यांच्याशेजारी जाऊन बसा. मला हे फार पटलं.

पुढच्या शब्बाथला 'बेरेशीथ', तोरातला सृष्टीच्या निर्मितीचा पहिला भाग, वाचला. देवाने आधी एकच माणूस का घडवला? माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा, असं कोणी कोणाला म्हणू नये म्हणून, असं मिश्नात आहे. बाबा, तेव्हा मला तुम्ही आणि काका आठवलात. कूळ तपासणाऱ्यांना हे तेव्हाच कोणीतरी वाचून दाखवायला हवं होतं.

त्या दिवशी नंतर मी रब्बींना गाठलं. गाझात 67 हजारांवर माणसं मेल्याचं तिथलं आरोग्य खातं सांगतं, त्यात कितीतरी लेकरं. त्यांच्याबद्दल तुम्ही व्यासपीठावरून अवाक्षर काढत नाही, असं म्हटलं. ते म्हणाले, "समोर बसलेल्यांची मुलं आघाडीवर आहेत. मी गाझातल्या लेकरांसाठी मनात प्रार्थना करतो." हे पुरेसं नाही, असं मी त्यांच्या तोंडावर सांगितलं. आई, तू म्हणशील, जास्त बोललीस. पण राहवलं नाही.

काल 'नोहा'चा पाराशा, म्हणजे त्या आठवड्याचा तोरा-पाठ, होता. नोहाने तारू बांधलं, घरच्यांना आत घेतलं, पण बुडणाऱ्यांसाठी देवाकडे एक शब्द टाकला नाही. अब्राहाम मात्र सदोमसारख्या पापी गावासाठीही देवाशी वाद घालत राहिला. एवढं सांगून रब्बी गाझाच्या मुलांबद्दल बोलले, मोठ्याने. एक गृहस्थ ताडकन उठून निघून गेले. रब्बींनी त्यांना हाक मारली नाही आणि आपलं बोलणंही थांबवलं नाही.

ओलीस परतले तर मलिदा करीन असा एलियाहू हानाबीला, म्हणजे संदेष्टा एलियाला, मी नवस बोलले होते. तो आज सकाळी फेडला. आई, पोहे तू पाठवलेलेच, इथल्या पोह्यांचा लगदा होतो. गूळ, ओलं खोबरं, वेलची, पाच फळं, सगळं रीतसर झालं. रब्बींचं घराणं मोरोक्कोचं, मलिदा त्यांनी पहिल्यांदाच खाल्ला आणि पुन्हा मागून घेतला. खाता खाता मी काकांच्या धरण्याचं सांगितलं. त्या लढ्याबद्दल त्यांनी जेमतेम ऐकलं होतं. काकांची तेव्हाची पत्रं घरी आहेत म्हटल्यावर ते म्हणाले, "हिब्रूत करून दे, मी सिनेगॉगमध्ये वाचतो."

तेव्हा बाबा, पत्र्याच्या पेटीतला तो गठ्ठा काढा. शेजारच्या मुलाकडून दोन्ही बाजूंचे फोटो काढून घ्या. काकांचं अक्षर जिथे लागत नसेल तिथे तुम्ही वाचून आवाज रेकॉर्ड करून पाठवा. धरण्यातल्या आठवड्यांची पत्रं आधी.

आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले तेही कळवा.

तुमची लेक