पृथ्वी फुटली कशी नाही?

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर चंद्राच्या जन्माचा विषय निघाला तेव्हा तू म्हणालास, "मंगळाएवढा गोळा आदळला म्हणतोस, मग पृथ्वीच्या ठिकऱ्या कशा उडाल्या नाहीत?" शंका रास्त आहे आणि फोनवर उरकण्यासारखी नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्या डोळ्यांपुढे येते ती दोन दगडांची टक्कर. पण हजारो किलोमीटर व्यासाच्या गोळ्यांत दगडाचा कडकपणा जमेस धरायचाच नाही, तिथे राज्य गुरुत्वाकर्षणाचं. सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी थिया नावाचा तो ग्रह (नाव आपण दिलेलं, ग्रीक पुराणातल्या चंद्रदेवतेच्या आईचं) तिरका येऊन आदळला, बहुधा सेकंदाला नऊ-दहा किलोमीटर वेगाने. दोघांचेही वरचे थर वितळले, काही भागाची तर वाफच झाली. थियाचा लोखंडी गाभा खाली बुडत जाऊन पृथ्वीच्या गाभ्यात मिसळला. उडालेला बराचसा माल परत खाली पडला, उरलेला वर फिरत राहिला आणि त्याचा चंद्र झाला. तेव्हा पृथ्वी फुटली म्हण हवं तर, पण स्वतःच्याच ओढीने पुन्हा गोळा झाली.

हार्टमन आणि डेव्हिस या शास्त्रज्ञांनी हे १९७५ साली मांडलं. त्याआधी चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज डार्विन याचं म्हणणं होतं की गरगरणाऱ्या पृथ्वीचाच एक लचका सुटला. कुणी म्हणे, चंद्र वाटेने जाताना पकडला गेला. सगळ्यांची गाडी अडायची कुठे ना कुठे, आणि पकडला गेलेल्या चंद्राची अडायची लोखंडापाशी. पृथ्वीच्या वस्तुमानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिच्या गाभ्यात आहे, चंद्राचा गाभा जेमतेम एक-दोन टक्के. टकरीत मुख्यतः वरचं खडकाळ आवरण उडालं असेल तर हा हिशेब लागतो.

आता मला सर्वांत आवडणारा पुरावा. अपोलो ११ ने १९६९ मध्ये आणलेली माती काळपट, बसाल्टची. पण चाळताना तिच्यात काही मिलिमीटरचे पांढुरके कण सापडले. ॲनॉर्थोसाइट या फिकट खडकाचे! यान उतरलं होतं सपाट काळ्या मैदानावर, म्हणजे हे कण लांबच्या डोंगराळ भागातून उडून आलेले. एवढ्याशा कणांवरून शास्त्रज्ञ जॉन वुड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ताडलं की एके काळी अख्खा चंद्र लाव्ह्याच्या समुद्राने झाकलेला होता आणि हलकी पांढरी खनिजं सायीसारखी वर तरंगून आली. आपल्या चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने २०२३ मध्ये दक्षिण ध्रुवाकडच्या भागात शंभरेक मीटर फिरून माती तपासली, तर तिचं रसायनही याच जातीचं निघालं. एवढा चंद्र वितळायला लागणारी उष्णता टकरीतून सहज मिळते.

पण या सिद्धांताला एक खोट आहे, आणि तीच मला खिळवून ठेवते. संगणकावर टक्कर घडवली की बहुतेक वेळा चंद्राचा बराचसा माल थियाचा निघतो. थिया परकी, तेव्हा चंद्राच्या खडकांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण वेगळं हवं, मंगळाचं आहेच. प्रत्यक्षात चंद्र आणि पृथ्वी इतके सारखे की फरक शोधायला उपकरणं शिणतात. मग पळवाटा निघाल्या: पृथ्वी फार वेगाने फिरत होती, दोन्ही ग्रह जवळपास सारख्या आकाराचे होते, थिया आपल्याच शेजारी जन्मली होती. शेवटची मला जास्त पटते, कारण तिच्यात कमीत कमी योगायोग लागतात.

२०२३ मध्ये एक आणखी धाडसी कल्पना आली. आफ्रिका आणि पॅसिफिकच्या खाली, गाभ्याला टेकून, खंडांएवढे दोन ढिगारे आहेत. भूकंपाच्या लहरी तिथे मंदावतात. ते थियाचेच अवशेष, असं काहींचं म्हणणं. वाचायला झकास, पण मी अजून हातचं राखूनच आहे.

आणि असे धक्के फक्त आपल्याच वाट्याला आले असं समजू नकोस. युरेनस अठ्ठ्याण्णव अंशांनी कलंडलाय, त्यामागेही टक्करच असावी असा अंदाज आहे. प्लूटो आणि त्याच्या निम्म्या व्यासाचा त्याचा चंद्र शॅरन यांची भानगड तर स्वतंत्र पत्राची. ती पुढच्या वेळी, तू या पत्रावर नेहमीप्रमाणे चार शंका काढून पाठवल्यास की.

वहिनींना नमस्कार, चिमुकलीला पापा.

तुझा,
अनिल