शेवटापर्यंत तरी दाखवा

हिंदीत डब केलेली तुर्की मालिका रात्री नऊऐवजी साडेअकराला, तीही आठवड्यातून दोनच दिवस दाखवण्याचा वाहिनीचा निर्णय वाचून वाईट वाटले. तुर्कस्तानात अशा मालिकांचा एक भाग बहुधा २ तासांहून मोठा असतो. आपल्याकडे त्याचेच तुकडे करून रोज थोडे थोडे दाखवतात. मध्ये दिवस गाळले की कथेचा धागाच सुटतो. प्रेक्षक घटले, हे कारण असेलही. पण आपल्या दैनंदिन मालिकांसारखी ही लांबत जाणारी नाही. तिचे चित्रीकरण कधीच संपले आहे, उरलेले भाग मोजके आहेत. माझी ७४ वर्षांची आई दहाला झोपते. चार महिने न चुकता पाहिलेल्या कथेचा शेवट तिला पाहायला मिळायला हवा. हवे तर दुपारी दाखवा, पण रोज दाखवा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे