कोर्स सप्टेंबरला, कानस आत्तापासून

॥ श्री ॥
श्टुटगार्ट, फेब्रुवारी 2026

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे, हे आधी लिहून टाकते, नाहीतर आई पुढचं वाचायचीच नाही. जेवते. दोन्ही वेळ जेवते. फोनवर तुम्ही सगळे एकदम बोलता आणि मुद्द्याचं राहून जातं, म्हणून लिहायला बसले.

मामा विचारतो ना, डिप्लोमा झाल्यावर परत अ‍ॅप्रेंटिस कशाला? त्याला सांगा की इथे मशीनवर कायमचं काम हवं असेल तर इथला कागद असलेला बरा, आणि तो साडेतीन वर्षांनी मिळतो. काही दिवस कंपनीत, काही दिवस शाळेत, आणि पगार पहिल्या महिन्यापासून. यंदा सुरू करणाऱ्याला पहिल्या वर्षी महिन्याला किमान 724 युरो द्यायचे असा कायदाच आहे. सध्या फी भरतेय ती फक्त भाषेच्या वर्गाची. एवढं सांगूनही तो 'पण' म्हणेल. म्हणू दे.

बाबा, सप्टेंबरला कोर्स सुरू होईपर्यंत मी नुसती बसून नाही. सकाळी वर्ग, दुपारनंतर लॅपटॉपवर फ्रीकॅड, म्हणजे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर. आपल्या गाळ्यातून येताना ते जुनं गनमेटलचं बुश (आई, शाफ्टभोवती बसते ती नळी) मी कपड्यांत गुंडाळून आणलं होतं, ते टेबलावरच असतं. त्याचंच मॉडेल पुन्हा पुन्हा नव्याने काढते. एक जरी माप द्यायचं राहिलं तरी रेघा नुसत्या लटकत राहतात, माउसने ओढलं की हलतात. सगळी मापं बसली की अख्खं स्केच हिरवं होतं. तुम्ही हातात बुश घेऊन म्हणता, 'बोअर पंचवीस, टाइट नको, सरकता ठेव.' कॉम्प्युटरला सरकता कळत नाही. तिथे 25 एच सेव्हन लिहायचं, म्हणजे भोक 25.000 ते 25.021 मिलिमीटरच्या आत. आणि शाफ्ट जी सिक्स, म्हणजे 24.980 ते 24.993. मी मांडून पाहिलं. दोघांमधली फट कमीत कमी सात मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे सात हजारांश, जास्तीत जास्त एकेचाळीस. तुम्ही नुसतं फिरवून बघून जी फट ठेवता ती याच्या आतच बसते. कोणतं टेबल न उघडता! वर्गातल्या पोरांना हे सांगितलं तर त्यांना थाप वाटली.

इथल्या ड्रॉइंगमध्ये बाजू मांडायची पद्धत आपल्यासारखीच, फर्स्ट अँगलची, तेवढं बरं. फक्त पॉइंटच्या जागी स्वल्पविराम देतात, 0,02 असं. मशीनचे कंट्रोल मात्र फानुक कंपनीचे कमी, सीमेन्सचे नाहीतर हायडेनहाइनचे. हायडेनहाइनची प्रोग्राम लिहायची पद्धतच वेगळी, पण त्याचा सिम्युलेटर लॅपटॉपवर फुकट चालतो. त्यावर टूल आदळलं तरी टूलची पाती फुटत नाही आणि कुणी ओरडत नाही. म्हणून टूल जरा जास्तच धाडसाने पुढे सरकवते.

शनिवारी एका सार्वजनिक वर्कशॉपमध्ये जाते, वर्गणी भरली की वापरता येतं. तिथे काय करते ऐकून तुम्ही हसाल. कानस मारते. कोर्सचे पहिले काही आठवडे हातात कानसच देतात असं सगळे सांगतात, कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन नंतर. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, पुढे जाताना दाब, मागे येताना नुसतं सरकवायचं. मग गुण्या लावून खिडकीकडे धरायचा. गुण्या आणि तुकडा यांच्या फटीतून कुठेच उजेड दिसला नाही तरच बाजू सपाट. माझ्या तुकड्याला मधे उजेड नसतो, दोन्ही कडांना असतो, म्हणजे हात डुलतो. तिथले एक म्हातारे गृहस्थ न बोलता माझं कोपर धरून खाली दाबतात आणि निघून जातात. तुम्हीही तेच करायचात. तेव्हा मला राग यायचा.

आई, केस घट्ट बांधून आत खोचलेले असतात, गॉगल असतो, ओढणी नसते, आणि फिरत्या मशीनपाशी हातमोजे घालत नाही. हे मी बाबांच्या गाळ्यात शिकलेय, तू उगाच काळजी करतेस. खोकला होता, तो गेला. औषध घेतलं होतं. घेतलं म्हणजे घेतलं.

आता जिन्याचं सांगते, कारण ते मला अजून पचलेलं नाही. या भागात केअरवोखे म्हणून प्रकार आहे. बिल्डिंगमधल्या घरांना आळीपाळीने आठवडा येतो. ज्याचा आठवडा त्याच्या दाराच्या मुठीला एक पाटी लटकते. पाटी आली की आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंत जिना झाडून ओल्या फडक्याने पुसायचा, कठडाही पुसायचा. मोठी पाळी असेल तर फुटपाथ झाडायचा, आणि बर्फ पडला असेल तर सकाळी लवकर उठून तो बाजूला करायचा. जिना आधीच लख्ख असला तरी. मी घरमालकिणीला विचारलं, घाण नाहीये तर काय झाडू? त्या म्हणाल्या, शनिवारपर्यंत झाडून झालं पाहिजे. हे उत्तर होतं! झाडण्याइतकंच झाडताना दिसणंही महत्त्वाचं, असा माझा अंदाज. खालच्या आजी बादलीचा आवाज आला की दार किलकिलं करून बघतात, मान हलवतात आणि लावून घेतात. झालं की पाटी गुपचूप शेजारच्या दाराला अडकवायची. आई, तू अंगणावरून माझ्या मागे लागायचीस तेव्हा मी कशी तोंडं करायची! इथे परक्या लोकांचा जिना पुसतेय आणि वर 'शुभ दिवस' म्हणतेय.

आता दादाच्या लग्नाचं. मेमधली तारीख धरलीत हे बरंच झालं, सिंहस्थ लागला की मुहूर्तांची बोंब. पण मला येता येणार नाही. त्याच महिन्यात भाषेची परीक्षा आहे आणि ती पुढे ढकलली तर सप्टेंबर हुकेल. तिकिटाचे पैसे आहेत असं दादा म्हणाला. कुठून आहेत ते मला कळतं, ते गाळ्याच्या हप्त्याला लावा. वहिनीची साडी माझ्याकडून, रंग तिलाच निवडू द्या, आत्याला नको.

ओझरच्या स्थळाबद्दल आत्याला एवढंच विचारायला सांगा की मुलगा साडेतीन वर्षं थांबेल का. थांबणार असेल तर मी फोनवर बोलेन. नसेल तर पत्रिका परत द्या, सिंहस्थाच्या आत उरकायला मी काही बोअरवेल नाही. चिडू नका.

सप्टेंबरचा पगार महिनाअखेरीस हातात येईल. विमा-पेन्शन कापून आणि खोलीचं भाडं जाऊन फार उरत नाही, तरी ऑक्टोबरपासून दहा हजार पाठवीन. नाही म्हणू नका.

तुमची,
पिंकी

ता. क. पाटल्यांचं व्याज दादाने वेळेवर भरावं, बाबांच्या लक्षात राहत नाही. आई, लग्नात हात मोकळे बघून कुणी विचारलं तर सांग, पाटल्या बँकेत आहेत. खोटं नाहीच ते.