अपघातानंतर गप्प बसलेलं मूल आधी पाहा

महोदय,

मे महिन्याच्या सुट्टीत पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि मुंबई-गोवा महामार्ग मुलाबाळांच्या गाड्यांनी भरलेले असतात. या दिवसांतल्या अपघातांच्या बातम्यांत ‘मुलं सुदैवाने बचावली’ असं वाक्य हमखास येतं. मुलांना काही झालं की नाही, हे रस्त्यावर उभं राहून ठरवता येत नाही. ते ठरवण्याची घाई महागात पडते.

गाडी थांबताच इंजिन बंद करावं, चारही इंडिकेटर लावावेत आणि मुलं मोजावीत. मांडीवर किंवा बेल्टशिवाय बसलेलं लहान मूल धडकेत सीटखाली जातं, डिकीत फेकलं जातं, दार उघडलं तर बाहेर झुडपात पडतं. मोठी माणसं बेशुद्ध असली तर ते सांगणारं कुणी उरत नाही. म्हणून गाडीत दुधाची बाटली, छोटी चप्पल किंवा रिकामी चाइल्ड सीट दिसली आणि मूल दिसलं नाही, तर मदतीला धावलेल्यांनी आसपास शोध घ्यायलाच हवा. १०८ ला फोन करताना ‘गाडीत मुलं आहेत, अमुक वयाची’ हे पहिल्या वाक्यात सांगावं. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि गाडी कोणत्या दिशेने जात होती, हेही सांगावं. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वरही मदत मिळते. ज्यांना चालता येतं त्यांनी मुलांसह कठड्यापलीकडे जावं. गाडी आणि कठडा यांच्या मधल्या फटीत उभं राहू नये, मागून येणारं वाहन नेमकं तिथे घुसतं.

रडणाऱ्या मुलाला ओढून काढून कडेवर घेणं, ही आईबापांची पहिली धाव असते. ती समजण्यासारखी आहे, पण धूर, पेट्रोलचा वास, पाणी किंवा पुन्हा धडक बसण्याची भीती नसेल, तर श्वास नीट चाललेलं मूल बेल्टसकट सीटमध्येच राहू द्यावं. एकाने समोर बसून डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरावं आणि बोलत राहावं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि मान नाजूक असते. एक्स-रे स्वच्छ दिसूनही मज्जारज्जूला इजा झालेली असू शकते. उताणं झोपवावं लागलं, तर साधारण आठ वर्षांखालील मुलाच्या खांद्यांखाली बोटभर जाडीची घडी घातलेली चादर ठेवावी. नाहीतर डोक्याच्या मागच्या फुगवट्यामुळे मान पुढे दुमडते आणि श्वासनलिका दबते. श्वासच नसेल तर मात्र मानेच्या काळजीने थांबू नये. कडक जागेवर झोपवून दोन श्वास, मग छातीवर ३० दाब, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत. वर्षाच्या आतल्या बाळाला छातीभोवती दोन्ही हात धरून दोन अंगठ्यांनी किंवा एका हाताच्या तळव्याने दाब द्यावा.

रक्ताचं गणित पालकांना माहीत नसतं. मुलाच्या शरीरात किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे दहा किलोच्या बाळात ८०० मिलिलिटर. चहाचे दोन छोटे कप रक्त गेलं, की चौथा हिस्सा संपला. तरीही रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून रक्तदाबाच्या आकड्यावर विसंबू नये. हातपाय गार, चेहरा फिका, नाडी वेगवान, नख दाबून सोडल्यावर लाली यायला दोन सेकंदांहून जास्त वेळ, आणि मूल मलूल, गप्प: ही धोक्याची खूण. जोरात रडणाऱ्याआधी गप्प बसलेल्याकडे जावं. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावं. हळद, कॉफीपूड नको. अंगावर पांघरूण उन्हाळ्यातही घालावं. आणि पाणी, बिस्कीट, ग्लुकोज काहीही पाजू-भरवू नये. भूल द्यावी लागली तर पोटातलं फुफ्फुसात जातं.

पोटावर बेल्टचा आडवा वळ उठला असेल तर मूल खेळत असलं तरी रुग्णालयातच न्यावं. १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला बूस्टर सीट, म्हणजे उंच बसवणारी बैठक, नसली, की कमरेचा पट्टा ओटीपोटाच्या हाडांवर न बसता वर पोटात सरकतो. धडकेत मूल त्यावर घडीसारखं दुमडतं. आतडं फाटतं, कण्याचा मणका तुटतो. पहिल्या तपासणीत, सोनोग्राफीतही, आतड्याची जखम निसटू शकते. दुखणं, पोट फुगणं, उलट्या, ताप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतात. डोक्याला मार असेल तर निदान चार ते सहा तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावं. पुन्हापुन्हा उलट्या, वाढती डोकेदुखी, झटका, ओळख न पटणं, कानामागची किंवा बाजूची मऊ सूज, बाळाची टाळू फुगणं यांपैकी काहीही दिसलं की लगेच परत न्यावं.

रुग्णालयात मुलाचं वजन, शेवटचं खाणं किती वाजता, कशाची ॲलर्जी आणि धनुर्वाताचा डोस कधी झाला, हे सांगावं. औषधांची मात्रा किलोवर ठरते. ‘पोलीस केस आहे, आधी पोलीस’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नये. उपचार आधी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे. मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत नेमलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंतचा उपचार रोख पैसे न भरता मिळतो. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार करता येत नाही. आईवडील दोघेही जखमी असतील आणि मूल एकटं पडलं असेल तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करावा.

गाडी गॅरेजमध्ये जाते, पण चाइल्ड सीट पुसून पुन्हा बसवली जाते. मोठ्या धडकेनंतर ती बाद समजावी, त्या वेळी मूल सीटमध्ये नसलं तरी. प्लास्टिकला डोळ्यांना न दिसणारे तडे जातात, पट्टा ताणलेला असतो, आतला थर्माकोल दबलेला असतो. गाडी स्वतः चालत गेली, सीटजवळचं दार शाबूत, एअरबॅग उघडली नाही, कुणाला इजा नाही आणि सीटवर ओरखडाही नाही, या पाचही गोष्टी असतील तरच कंपनीच्या पुस्तिकेत पाहून ठरवावं. बाद सीट पट्टे कापून टाकावी. विकू नये, नातेवाइकांना देऊ नये. गाडीचे धडकेच्या क्षणी आपोआप आवळणारे बेल्ट एकदा तसे आवळले गेले की तेही बदलावे लागतात.

विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने पाहणी अहवालात चाइल्ड सीटची नोंद करणं आणि तिची किंमत दाव्यात धरणं सक्तीचं व्हावं, अशी आमची मागणी आहे. तोवर पालकांनी एवढं करावं: सीटच्या बाजूला मुलाचं नाव, जन्मतारीख, वजन, ॲलर्जी आणि गाडीत नसलेल्या एका नातेवाइकाचा फोन लिहून चिकटवावा. वजनाचा आकडा दर सहा महिन्यांनी बदलावा.

— बालरोग व अपघात विभागांत काम करणारे काही डॉक्टर, पुणे