मैदानावरील उपचारांचा परवाना आणि त्याची कार्यकक्षा

महोदय,

२ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकी फुटबॉलच्या एका सामन्यात बफेलो बिल्स संघाचा डमार हॅमलिन हृदयक्रिया थांबून मैदानातच कोसळला, तेव्हा त्याला तातडीने सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचा उपचार) देणाऱ्यांत त्याच्या संघाचा सहायक ॲथलेटिक ट्रेनर होता. या घटनेमुळे एरवी दुर्लक्षित राहणाऱ्या या व्यवसायाकडे अनेकांचे लक्ष गेले. मात्र हे काम करण्याचा अधिकार कोणाला असतो आणि तो कुठवर पोहोचतो, याविषयी आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे व्यायामशाळेत वजने उचलायला शिकवणारा माणूस नव्हे, तर खेळाडूंच्या दुखापती टाळणारा आणि त्यांवर मैदानावर तातडीचे उपचार करणारा आरोग्य व्यावसायिक. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्येच या व्यवसायाला आरोग्यसेवेतील व्यवसाय म्हणून मान्यता दिली. आज या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची पदव्युत्तर पदवी घ्यावी लागते, त्यानंतर ‘बोर्ड ऑफ सर्टिफिकेशन’ची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते आणि मग, ज्या राज्यात काम करायचे त्या राज्याच्या कायद्यानुसार परवाना किंवा नोंदणी मिळवावी लागते. प्रमाणपत्र आणि परवाना या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. प्रमाणपत्र व्यावसायिक संस्था देते, परवाना सरकार देते. आणि चूक झाल्यास काम करण्याचा कायदेशीर हक्क काढून घेण्याची ताकद फक्त सरकारकडे असते.

टेक्सासने १९७१ मध्ये परवान्याचा पहिला कायदा केला. त्यानंतर एकेक करत इतर राज्ये आली. अपवाद उरला तो कॅलिफोर्नियाचा. इतक्या मोठ्या आणि खेळांच्या बाबतीत इतक्या पुढारलेल्या राज्यात या व्यवसायावर सरकारी नियमन नाही, ही माझ्या मते निव्वळ तांत्रिक त्रुटी नाही. डोक्याला मार लागलेल्या शालेय खेळाडूला परवानाधारक आरोग्य व्यावसायिकाच्या लेखी संमतीशिवाय खेळू देऊ नये, असा कायदा वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये केला आणि त्याच धर्तीचे कायदे पुढे सर्वत्र झाले. पण जिथे परवानाच अस्तित्वात नाही, तिथे ‘परवानाधारक’ या व्याख्येत ॲथलेटिक ट्रेनर बसणार कसा, आणि अपुऱ्या शिक्षणाच्या माणसाने तेच पद लावून काम केले तर पालकांनी तक्रार कोणाकडे करायची?

परवाना असलेल्या राज्यांतही कार्यकक्षा एकसारखी नाही. ढोबळमानाने दुखापत टाळणे, तपासणी व निदान, तातडीचे उपचार आणि पुनर्वसन ही कामे डॉक्टरांच्या निर्देशाखाली करायची असतात. परंतु काही कायदे रुग्ण कोण असावा यावरच मर्यादा घालतात, तर स्नायूंत औषधाविना कोरड्या सुया टोचण्याच्या उपचाराला (ड्राय नीडलिंग) कुठे मुभा आहे, कुठे नाही. संघ दुसऱ्या राज्यात खेळायला गेला की त्याच्याबरोबरच्या ट्रेनरचा परवाना आणि विमा तिथे लागू होतो का, हा प्रश्न तर २०१८ च्या केंद्रीय कायद्याने सोडवेपर्यंत लोंबकळत होता. आणि त्या कायद्याचे संरक्षणही तिथल्या रुग्णालयात केलेल्या उपचारांना मिळत नाही.

मला खरे महत्त्वाचे वाटते ते मात्र याच्याही पुढचे आहे. परवाना ज्ञानाची खात्री देतो, स्वातंत्र्याची देत नाही. २०१८ च्या मे महिन्यात मेरिलँड विद्यापीठाचा एकोणीस वर्षांचा खेळाडू जॉर्डन मॅकनेर सरावादरम्यान उष्माघाताने कोसळला आणि दोन आठवड्यांनी मरण पावला. अशा वेळी काय करायचे हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे: गुदद्वारातून शरीराचे तापमान मोजायचे, ते ४०.५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर असेल तर रुग्णवाहिकेची वाट पाहत न बसता तिथल्या तिथे थंड पाण्याच्या टबात बुडवायचे आणि ताप उतरल्यावरच हलवायचे. यातले काहीच वेळेवर झाले नाही. विद्यापीठाने पुढे आपली कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी मान्य केली. विशेष म्हणजे, उपचारांविषयीचा आणि खेळाडूला पुन्हा मैदानात उतरवण्याचा निर्णय प्रशिक्षकाने नव्हे तर वैद्यकीय चमूने स्वतंत्रपणे घ्यावा, असा नियम देशातील बड्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनांनी २०१६ मध्येच केलेला होता.

ट्रेनरची नेमणूक, पगारवाढ आणि बढती मुख्य प्रशिक्षकाच्या मर्जीवर असेल, तर ऐन सामन्यात खेळाडूला बाहेर बसवण्याचे धाडस किती जण करतील? म्हणून कॅलिफोर्नियात कधी कायदा झालाच, तर त्यात केवळ पदवी, परीक्षा आणि शुल्काचे तक्ते नसावेत. ट्रेनरने वैद्यकीय कारणासाठी खेळाडूला थांबवले तर तो निर्णय प्रशिक्षकाला फिरवता येणार नाही आणि त्या निर्णयापायी नोकरीवर गदा येणार नाही, हे कार्यकक्षेच्या कलमातच लिहिलेले असावे. इतर राज्यांनीही आपल्या कायद्यांत अशी दुरुस्ती करायला हरकत नाही. अमेरिकेत मुले शालेय किंवा महाविद्यालयीन संघांतून खेळत आहेत अशा मराठी पालकांनी संस्थेकडे ट्रेनरच्या परवान्याबरोबरच तो कोणाच्या हाताखाली काम करतो, वैद्यकीय विभागाच्या की प्रशिक्षकाच्या, याचीही चौकशी हंगाम सुरू होण्याआधी करावी.

आपला नम्र,
एक वाचक