परिषदेच्या पाहुण्यांना सोमवारी अजिंठा कसा दाखवणार?

महोदय,

थंडी पडायला लागली की आपल्या छत्रपती संभाजीनगरात परिषदांचा हंगाम सुरू होतो. विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालयं, डॉक्टरांच्या संघटना, उद्योगवाले, सगळ्यांनाच परदेशी पाहुणे बोलवायचे असतात, आणि निमंत्रणाच्या पहिल्या पानावर कैलास लेण्याचा फोटो हमखास असतो. फोटोला माझी ना नाही. पण तो छापणाऱ्यांनी आतलं वेळापत्रक एकदा आमच्यापैकी कुणाला तरी दाखवावं, एवढ्यासाठी हे पत्र.

मी खुलताबादची. परवानाधारक गाइड आहे. परिषदांचे पाहुणे, आणि त्यांच्यासोबत आलेले नवरे, बायका, आया हे माझ्या वाट्याला फार येतात. माणसं मोठी अभ्यासू असतात. प्रश्न विचारतात, ऐकून घेतात, घरी गेल्यावर मेल करतात. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. हे आजचं नाही, इथल्या रिक्षावाल्यालाही पाठ आहे. तरी दर वर्षी कुठे ना कुठे असा कार्यक्रम छापला जातोच: शनिवार-रविवार परिषद आणि सोमवारी 'अजिंठा सहल'. त्याचं कारणही मला समजतं. पाहुण्यांच्या सोयीनं परिषद शनिवार-रविवारी घ्यायची आणि सहल शेवटी ठेवायची, म्हणजे ती आपोआप सोमवारीच पडते. जी-२० च्या निमित्तानं डब्ल्यू-२० ची, म्हणजे त्यातल्या महिलांच्या गटाची, पहिली बैठक आपल्याकडे झाली, ती २७ आणि २८ फेब्रुवारी २०२३ ला. जुनं कॅलेंडर काढून बघा, सोमवार आणि मंगळवार! सरकारी पाहुण्यांसाठी यंत्रणा असते, मागे-पुढे करून जमवता येतं. महाविद्यालयाच्या परिषदेसाठी कोण कुलूप काढणार?

मागे एका संस्थेनं असंच केलं. नाव लिहीत नाही, त्यांना आठवत असेल. रविवारी रात्री जेवताना त्यांच्या लक्षात आलं की उद्या सोमवार. मग 'अजिंठ्याऐवजी वेरूळ' अशी चिठ्ठी हॉटेलच्या फलकावर लागली. पोलंडहून आलेल्या एक बाई होत्या, जुन्या भित्तिचित्रांच्या जतनाचं काम करणाऱ्या. परिषदेचा विषय त्यांच्या फारसा जवळचा नव्हता. अजिंठा बघायला मिळेल म्हणून त्यांनी आपला निबंध पाठवला होता, हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं. मंगळवारी पहाटे त्यांचं मुंबईचं विमान. त्या चिठ्ठीसमोर उभ्या राहून त्यांनी चष्मा पुसला आणि मला विचारलं, 'हे कुणालाच माहीत नव्हतं?' मी काय सांगणार? मला तर रविवारी संध्याकाळी फोन आला होता, 'मॅडम, उद्या साठ लोक आहेत, येता का?'

दुसरा हट्ट म्हणजे एका दिवसात अजिंठा आणि वेरूळ दोन्ही. शहरापासून वेरूळ तीस किलोमीटर आणि अजिंठा शंभरच्या पुढे, तेही वेगळ्या दिशेला. सिल्लोडच्या रस्त्याची कामं किती वर्षं चालली ते तुमच्याच अंकात येऊन गेलं आहे. परिषदेची बस कधीच वेळेवर हलत नाही. नाश्ता, मग सामूहिक फोटो, मग कुणाचा तरी पासपोर्ट खोलीत राहिलेला. साडेदहाला निघालात तर फर्दापूरच्या तिठ्यावर दीड वाजतो. लेण्यांच्या चार किलोमीटर आधी आपली गाडी सोडायची, एसटीच्या बसमध्ये बसायचं, मग पायऱ्या. पहिल्या लेण्याच्या दारात अडीच. साडेपाचला बंद.

आता त्या दारातच काय होतं ते सांगते. चपला-बूट बाहेर काढायचे. एका वेळी ठरावीक माणसंच आत सोडतात, म्हणजे साठ जणांचे दोन-तीन गट करायचे आणि बाकीच्यांनी उन्हात थांबायचं. उन्हातून आत आलं की पहिली काही मिनिटं काहीही दिसत नाही. फ्लॅश चालत नाही, चालूही नये. माणसं मोबाइल वर धरून अंधाराचे फोटो काढतात. मग डोळे हळूहळू सरावतात. आधी छताची नक्षी दिसते, मग गर्भगृहाच्या डाव्या हाताला पद्मपाणीचा मुकुट, मग खाली झुकलेल्या पापण्या, आणि सगळ्यात शेवटी बोटांत धरलेलं निळं कमळ. ते कमळ दिसलं की माणूस गप्प होतो, बोलायची गरज राहत नाही. आणि नेमकं तेव्हाच मागून संयोजकांचा कार्यकर्ता ओरडतो, 'चला चला, पुढचा गट!' कमळापर्यंत न पोचताच किती प्राध्यापक परत गेले असतील.

लेण्यांचा कडा घोड्याच्या नालेसारखा वळलेला, आणि सव्वीस नंबरचं लेणं त्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथलं बुद्धाचं महापरिनिर्वाण, सुमारे ७ मीटर लांबीची ती शिल्पातली निजलेली मूर्ती, अशा सहलीत बहुतेकांना दिसतच नाही. श्रीलंकेचे, थायलंडचे पाहुणे असतात, त्यांच्यासाठी ती बघायची वस्तू नाही, तिथे त्यांना थोडा वेळ शांत बसायचं असतं. त्यांना मधूनच परत वळवताना मला लाज वाटते. याच पाहुण्यांच्या तिकिटाचंही सांगून ठेवते. परदेशी पर्यटकाला अजिंठा-वेरूळला ६०० रुपये आणि भारतीयाला ४०, पण सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना आपल्याइतकेच ४०. म्हणजे नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, भूतान, थायलंड, म्यानमार वगैरे. पासपोर्ट जवळ हवा. संयोजक सरसकट सगळ्यांची ६०० ची तिकिटं काढतात, किंवा पासपोर्ट हॉटेलात ठेवायला सांगतात.

वेरूळला घाई सकाळची. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी कैलासाच्या पुढच्या भागावर सावली असते आणि ऊन येतं दुपारनंतर. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात, आठव्या शतकात, वरून खाली कोरत आणलेलं ते काम तिरप्या उन्हात बघितलं तर छिन्नीचे घाव दिसतात. तरी सगळ्या बसा सकाळी नऊला, कारण दुपारी 'शहर दर्शन' आणि 'खरेदी'. उलटं करा. सकाळी मकबरा, पाणचक्की, दौलताबाद, आणि जेवून वेरूळ. दौलताबादच्या किल्ल्याला मात्र वय आणि गुडघे बघूनच घ्या. अंधारीतून, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेतून, सत्तरीच्या माणसाला नेणं सोपं नाही.

पण खरं सांगायचं तर वेळापत्रकापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त खटकते. विषय कुठलाही असो, सहल तीच. पाण्याची परिषद, दातांची परिषद, गणिताची परिषद: मकबरा, वेरूळ, हिमरूचं दुकान.

मध्यंतरी पाणीवाल्या इंजिनिअरांची परिषद होती. त्यात इथिओपियाचे एक गृहस्थ होते, फार कमी बोलणारे. बसमध्ये मी सहज सांगितलं की हे शहर १६१० मध्ये खडकी नावानं वसवलं ते मलिक अंबरनं, आणि तो जन्मानं इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा वजीर होऊन मुघलांना पुरून उरला. गृहस्थ सरळ होऊन बसले. पुढे मी नहर-ए-अंबरीचं सांगितलं. जमिनीखालून, नुसत्या उताराच्या जोरावर, पंप नाही काही नाही, शहराला पाणी. आता सगळी बस ऐकायला लागली. इंजिनिअरच ते, उतार किती, मधले बंबे (पाण्याचे दगडी मनोरे) किती अंतरावर, गाळ कसा काढत, सुरू झाले. कार्यक्रमात नहर नव्हती. मलिक अंबरची कबर खुलताबादला, वेरूळहून घाट चढून दहा-पंधरा मिनिटांवर, तीही नव्हती. होतं काय, तर साडेचार ते सहा खरेदी.

त्या गृहस्थांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षातून घेऊन गेले. माझंच गाव, मला काय त्याचं! साधी घुमटाची इमारत आहे, गर्दी नाही, तिकीट नाही. मे १६२६ मध्ये तो गेला, शेजारी त्याच्या बायकोची कबर. त्यांनी बाहेरच्या भिंतीला हात लावला, मग फोन काढून आपल्या भावाला व्हिडिओ कॉल केला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी भराभर बोलत कबरीभोवती फिरले. मला एवढंच कळलं की 'अंबर' हा शब्द बऱ्याचदा आला. तिकडून त्यांची आई पडद्यावर आली, तिनं मलाही हात केला.

प्रत्येक परिषदेत असं होईल असं नाही. पण विषय बघून जागा निवडता येतात. भूशास्त्राचे लोक असतील तर त्यांना लोणारचं सरोवर दाखवा. जिल्हा बुलडाण्याचा असला तरी इथून एका दिवसात होतं, आणि बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं असं विवर जगात क्वचितच आहे. गणितज्ञ आले तर त्यांना मकबऱ्यात तासभर कोंडण्यापेक्षा चाळीसगावजवळ पाटणादेवीला न्या. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा १२०७ च्या सुमाराचा शिलालेख तिथे आहे. कापडाचे अभ्यासक असतील तर अजिंठ्याच्या चित्रांतली पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं दाखवा आणि दुसऱ्या दिवशी पैठणला हातमागावर पैठणी विणताना. त्या माणसांना दुकानात नेऊन 'प्युअर सिल्क, सर' म्हणायची वेळ आमच्यावर आणू नका. दुकानात बस थांबते ती कमिशनसाठी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. संयोजकांनी गाइडचा आणि ड्रायव्हरचा मेहनताना नीट दिला तर त्या थांब्याची गरजच उरणार नाही. यंत्रमागाची साडी पैठणी म्हणून खपते ती अशाच घाईच्या थांब्यांवर. पदर उलटा करून बघायलासुद्धा वेळ मिळत नाही. अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो.

राहिली संध्याकाळ. हॉटेलचा हॉल, गार एसी, हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर नाचणारी मुलं, आणि जेवणात पास्ता. पाहुणे सौजन्यानं टाळ्या वाजवतात. डिसेंबर-जानेवारीत परिषद घेता ना? मग शहराबाहेर कुणाच्या तरी शेतात हुरड्याला न्या. गोवऱ्यांची आगटी पेटवायची, त्यात ज्वारीची कोवळी कणसं, भाजली की तळहातावर चोळून फुंकर मारायची आणि गरम गरम समोर टाकायची. सोबत गूळ, दही, तिळाची आणि लसणाची चटणी, बोरं, हरभऱ्याचे ढाळे. मोठमोठे शास्त्रज्ञ हात काळे करून कणसं चोळतात आणि ज्यांनी तीन दिवस एकमेकांशी फक्त ओळखपत्र वाचून बोलणं केलं, ते एकमेकांच्या ओंजळीत हुरडा टाकतात. शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात ते वेगळंच. मांडी घालता न येणाऱ्यांसाठी खुर्च्या आणि जवळपास स्वच्छ शौचालय, एवढं बघा.

एक मात्र जिवावरचं काम आहे, ते हसण्यावारी नेऊ नका. परदेशी लोकांत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले असतात आणि आपल्या मराठवाड्यात शेंगदाण्याशिवाय पान हलत नाही. चटणी, भाजीचा रस्सा, खिचडी, फोडणीचं तेलसुद्धा. नावनोंदणीच्या अर्जातच विचारून घ्या, आचाऱ्याला सांगा, आणि चटण्यांचे चमचे वेगळे ठेवा. मी एकदा एका तरुण मुलीचा ओठ सुजताना बघितला आहे. तिच्या पर्समध्ये इंजेक्शन होतं म्हणून निभावलं.

हे सगळं करायला फार पैसा लागत नाही. कार्यक्रम छापायच्या आधी गाइडशी बोलणं लागतं. आणि ते वेळेवर लागतं. फ्रेंच, जपानी, स्पॅनिश बोलणारे गाइड आमच्यात मोजकेच आहेत, ते नाताळच्या आसपास आधीच ठरलेले असतात. साठ माणसांना एक गाइड पुरत नाही, वीस-पंचवीसला एक धरा. चढण झेपत नसेल अशांसाठी अजिंठ्याला डोली मिळते, पण तिचे दर आधी ठरवून घ्यावेत, पाहुण्यासमोर घासाघीस नको. जानेवारीत परिषद असेल तर फोन ऑगस्टमध्ये करा, आणि तारखा पक्क्या व्हायच्या आधी.

आपली,
एक परवानाधारक पर्यटक मार्गदर्शक,
खुलताबाद
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)